मुलगा सोळाचा, मार्क त्याचे: ड्युअल एनरोलमेंटला मूल घालण्याआधी

महाराष्ट्र बोर्डाचा निकाल बघायला दोनच गोष्टी लागतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. आईचं नाव टाकल्याशिवाय ते पान पुढे सरकतच नाही. या सवयीत वाढलेली मी इथे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात मुलाच्या कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसला फोन लावला, तेव्हा अगदी निर्धास्त होते. विद्यार्थी क्रमांक समोर, जन्मतारीख तोंडपाठ, फी माझ्याच कार्डावरून गेलेली. मुलगा हायस्कूलात अकरावीत, सोळा वर्षांचा, आणि जोडीला कॉलेजचा वर्ग घेणारा; हायस्कूलात असतानाच कॉलेजात शिकायच्या या सोयीलाच ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. शिकाऊ परवान्यावर गाडी चालवायची तर शेजारी मला बसावं लागत होतं. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा मुलगा आत्ता तुमच्या शेजारी आहे का?"

नव्हता. तो शाळेत, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होता.

"मग त्याच्या वर्गाबद्दल मला काहीच बोलता येणार नाही."

मी चिडले, आवाज चढवला, "मी आई आहे त्याची" वगैरे सगळं म्हणून झालं. त्या बाई चुकल्या नव्हत्या. चूक माझी होती, कारण क्वार्टर, म्हणजे कॉलेजचं सत्र, सुरू व्हायच्या आधी एक साधा फॉर्म भरायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी दोन-तीन आयाबाबा हीच तक्रार घेऊन भेटतात, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते.

आधी कायदा, थोडक्यात

विद्यार्थ्याच्या नोंदी कुणी पाहायच्या हे ठरवणारा केंद्रीय कायदा म्हणजे फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी ॲक्ट. त्याला सगळे फर्पा म्हणतात. तो १९७४ सालचा. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी तो मांडला म्हणून जुने लोक त्याला बकली दुरुस्ती असंही म्हणतात. त्याआधी शाळा मुलांबद्दल फायलीत काय काय लिहून ठेवतात हे आईवडिलांनाच बघायला मिळत नसे, आणि बाहेरच्यांना मात्र सहज मिळे. म्हणजे मुळात हा कायदा पालकांच्या बाजूने आला. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा पैसा घेणाऱ्या सगळ्या शाळा-कॉलेजांना तो लागू आहे. मूल अमेरिकन नागरिक आहे, ग्रीन कार्डवर आहे की एच-४ वर (आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचा व्हिसा), याने काही फरक पडत नाही.

सगळी गोम एका "किंवा"मध्ये आहे. कायदा म्हणतो की विद्यार्थी १८ वर्षांचा झाला किंवा तो उच्च शिक्षणाच्या संस्थेत शिकू लागला, की पालकांचे हक्क त्याच्याकडे जातात. आपण सगळे "१८ वर्षांचा" एवढंच वाचतो आणि थांबतो. पण दुसऱ्या अर्ध्या भागाला वयाची अटच नाही. ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस ही योजना सातवीपासून आहे. तिथे तेरा वर्षांच्या मुलीने कॉलेजचा एक विषय घेतला, तरी त्या कॉलेजातल्या तिच्या नोंदींवर हक्क तिचाच. बाकी सगळ्या बाबतीत ती अल्पवयीन. डॉक्टरकडे आईची सही, सहलीला बाबांची सही.

वर्ग कुठे भरतो ते विचारा

ड्युअल एनरोलमेंटला प्रत्येक राज्यात वेगळं नाव आहे. आमच्याकडे रनिंग स्टार्ट, १९९० च्या कायद्याने आलेलं. मिनेसोटात पीएसईओ (पोस्टसेकंडरी एनरोलमेंट ऑप्शन्स), ते तर १९८५ पासून. टेक्ससमध्ये ड्युअल क्रेडिट म्हणतात. नावाला महत्त्व नाही. वर्ग कुठे भरतो आणि कोण शिकवतं, ते बघा.

एका प्रकारात मूल कॉलेजच्या आवारात जातं किंवा कॉलेजचा ऑनलाइन वर्ग घेतं. प्राध्यापक कॉलेजचे, शेजारी बसलेले विद्यार्थी वीस-पंचवीस वर्षांचे, गुणपुस्तक कॉलेजच्या कॅनव्हास या ऑनलाइन वर्गाच्या सिस्टिमवर. इथे फर्पाची भिंत पूर्ण उंचीची असते. दुसऱ्या प्रकारात हायस्कूलचेच शिक्षक, हायस्कूलच्याच वर्गात, कॉलेजच्या मान्यतेने शिकवतात आणि मार्क हायस्कूलच्या नेहमीच्या पोर्टलवर चढतात. ते गुणपुस्तक हायस्कूलने ठेवलेलं असतं, म्हणून मूल १८ चं होईपर्यंत ते पाहायचा हक्क तुमचाच राहतो. कॉलेजकडे त्याच विषयाची जी वेगळी नोंद होते, ती मात्र मुलाची.

हायस्कूलच्या काउन्सेलरला, म्हणजे समुपदेशकाला, पहिल्याच भेटीत विचारा, "रोजचे मार्क कुठल्या सिस्टिममध्ये चढणार, शाळेच्या की कॉलेजच्या?" पुढे काय काय करावं लागणार ते या एका उत्तरावर ठरतं.

दोन फायली असतात हे डोक्यात पक्कं करा

एकाच मुलाच्या दोन फायली तयार होतात. हायस्कूलची फाइल १८ पर्यंत तुमच्या हक्कात, कॉलेजची पहिल्या दिवसापासून मुलाच्या. आणि या दोन संस्था एकमेकींना मुलाची माहिती कुणाचीही परवानगी न घेता देऊ शकतात, कारण मूल दोन्हीकडे दाखल आहे.

इथेच पालकांसाठी एक सरळ, कायदेशीर वाट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. कॉलेजने हायस्कूलला जे जे पाठवलं, ते हायस्कूलच्या फाइलचा भाग होतं. मूल १८ च्या आतलं असेल तर ते तुम्ही हायस्कूलकडे मागू शकता. कॉलेज तोंड उघडत नसलं तरी हायस्कूलच्या काउन्सेलरला "कॉलेजकडून माझ्या मुलाबद्दल जे आलं आहे ते मला पाहायचं आहे" अशी ईमेल करा. शाळेला ते वाजवी वेळेत, फार तर ४५ दिवसांत दाखवावं लागतं. दाखवायलाच हवं, प्रत काढून द्यायलाच हवी असं नाही. पण बहुतेक शाळा पीडीएफ पाठवून मोकळ्या होतात.

अडचण एवढीच की कॉलेज बहुतेक वेळा हायस्कूलला शेवटची ग्रेडच पाठवतं. आमचं क्वार्टर दहा-अकरा आठवड्यांचं. शेवटची ग्रेड हातात येते तेव्हा वरात निघून गेलेली असते. काही शाळा आणि कॉलेजांच्या करारात मधल्या प्रगतीचा अहवाल पाठवायची सोय असते. आहे का ते काउन्सेलरलाच विचारा, आणि असेल तर कोणत्या आठवड्यात येतो तेही विचारून कॅलेंडरवर टाका.

फॉर्म

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, म्हणून इथे जरा वेळ घेते.

प्रत्येक कॉलेजात मुलाने आपली माहिती दुसऱ्याला द्यायला परवानगी देण्याचा एक फॉर्म असतो. कुठे त्याला फर्पा रिलीज म्हणतात, कुठे माहिती देण्याचं संमतिपत्र. रजिस्ट्रार किंवा एनरोलमेंट सर्व्हिसेसच्या पानावर सापडतो. गंमत अशी की रनिंग स्टार्टच्या नोंदणीच्या फॉर्मवर मूल १८ च्या आतलं असेल तर पालकाची सही लागते. या फॉर्मवर मात्र तुमची सही कुणी मागत नाही. सही मुलाची, आणि ती पुरेशी. तुम्ही त्याच्या वतीने करायची नाही, शाळेच्या डायरीवर बाबांची सही ठोकण्याचं उलटं प्रकरण इथे चालत नाही.

कायद्याला संमतीत चार गोष्टी हव्या असतात: सही आणि तारीख, कोणत्या नोंदी, कशासाठी, आणि कुणाला. कॉलेजचा छापील फॉर्म असेल तर हे रकाने आपोआप येतात, तरी प्रत्येक रकान्यात लोक नेमके चुकतात.

"कुणाला" मध्ये आई आणि बाबा दोघांची नावं वेगवेगळी लिहा. "पालक" एवढंच लिहिलं तर फोनवर ते कुणाशी ताडून बघणार? नाव तुमच्या ओळखपत्रावर आहे तसं लिहा. माझ्या मैत्रिणीने फॉर्मवर सासरचं आडनाव दिलं आणि तिच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर माहेरचं. खिडकीवरून परत आली.

"कोणत्या नोंदी" मध्ये मार्क, हजेरी, नोंदणी, फी असे वेगळे चौकोन असतात. मुलाला वाटेल तेवढेच चौकोन तो भरेल, आणि तो त्याचा हक्क आहे. आमच्या घरी फी आणि ग्रेड एवढ्यावर तह झाला. प्राध्यापकांच्या ईमेल नकोत म्हणाला. मी आधी फुरंगटले, मग विचार केला की अकरावीत असताना माझ्या वह्या आईने तपासल्या असत्या तर मी काय केलं असतं?

मुदतही बघा. काही ठिकाणी संमती एका शैक्षणिक वर्षापुरती असते, काही ठिकाणी मुलाने रद्द करेपर्यंत. रद्द करायला त्याला तुमची परवानगी लागत नाही.

बऱ्याच कॉलेजांत एक परवलीचा शब्द ठरवायला सांगतात, म्हणजे फोनवर तुमची ओळख पटेल. मुलाने उत्साहात "पुरणपोळी" लिहिला. त्यानंतर पहिल्या फोनला मी रोमन लिपीतली ती पुरणपोळी एकेक अक्षर सांगत बसले. त्याने एका ठिकाणी ए एक घातला होता की दोन, मला आठवेना, आणि बाई काही पुढे जाईनात. शब्द साधा ठेवा आणि स्पेलिंग दोघांनी लिहून ठेवा.

एक फॉर्म भरला की सगळं कॉलेज उघडलं असं समजू नका. रजिस्ट्रारचा वेगळा, फी घेणाऱ्या कॅशियर ऑफिसचा कधी कधी वेगळा, डिसॅबिलिटी सर्व्हिसेसचा (अपंगत्व किंवा शिकण्यातल्या अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणारं ऑफिस) जवळजवळ नेहमीच वेगळा. शिवाय हा फॉर्म म्हणजे परवानगी आहे, सक्ती नाही. त्याच्या जोरावर प्राध्यापक तुमच्याशी बोलू शकतात; बोललंच पाहिजे असं नाही. पुष्कळ जण बोलत नाहीत, आणि विद्यार्थ्यानेच माझ्या ऑफिस अवर्सना यावं असं नम्रपणे लिहून पाठवतात. फॉर्ममुळे तुम्हाला पोर्टलवर खातंही मिळत नाही. हायस्कूलच्या पोर्टलवर पालकांचं वेगळं लॉगिन असतं, त्या हिशेबाने कॉलेजच्या कॅनव्हासकडे बघू नका.

केव्हा भरायचा? नोंदणी झाल्याच्या दिवशी. नोव्हेंबरात मूल एका विषयात गटांगळ्या खात असताना "जरा तो फॉर्म भर ना" म्हणून बघा, म्हणजे कळेल.

पैसे मी भरले, हा मुद्दा चालत नाही

आपल्याकडच्या माणसाला हे पचायला सगळ्यात जड जातं. फी कुणी भरली याचा नोंदींवरच्या हक्काशी काही संबंध नाही. रनिंग स्टार्टमध्ये ट्यूशन माफ असते, पण पुस्तकं आणि बाकीच्या फिया आपल्या खिशातून जातात. त्या भरण्यासाठी कॉलेज पालकांना पेमेंटचं खातं उघडू देतं. त्यात बिल दिसतं, मार्क नाहीत.

पैशाचा संबंध येतो तो कराच्या बाजूने. मूल तुमच्या टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेलं, म्हणून दाखवलं असेल, तर मुलाच्या संमतीशिवायही कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकतं. दोघांपैकी एकानेच रिटर्नवर दाखवलं असलं तरी चालतं, त्यामुळे घटस्फोट झालेल्या घरांत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. हायस्कूलचं मूल बहुतेक घरांत डिपेंडंट असतंच. पण क्रियापद बघा, "देऊ शकतं". देण्याचं बंधन नाही. काही कॉलेजं या सवलतीचा वापर करतात आणि १०४० फॉर्मचं, म्हणजे केंद्राच्या टॅक्स रिटर्नचं, पहिलं पान मागतात. काही सरळ सांगतात की आमचं धोरण संमतीचं, रिटर्न घरीच ठेवा. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही, कायदा त्यांच्या बाजूने आहे.

रिटर्न द्यायची वेळ आलीच तर डिपेंडंटचा भाग तेवढा उघडा ठेवा. पगाराचे आकडे आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक काळ्या पट्टीने झाका, शेवटचे चार अंक दिसले तरी पुरतात. एच-४ वर असलेल्या मुलांना सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतो, आयटिन, म्हणजे फक्त करासाठी दिलेला क्रमांक, असतो. त्यावर डिपेंडंट म्हणून दाखवलं असेल तरी या सवलतीला तेवढं पुरतं. खिडकीवरच्या माणसाने नऊने सुरू होणारा क्रमांक बघून भुवया उंचावल्या तर गोंधळू नका.

पासवर्ड घेऊ नका

इथे मी तोंड वर करून बोलू नये खरं तर, कारण मी घेतला होता.

पहिल्या क्वार्टरला मुलाच्या खात्यातून सगळं बघायचं असं मी ठरवलं. लॉगिन केलं की त्याच्या फोनवर खातरजमेचा संदेश जाई, आणि तो हायस्कूलच्या इतिहासाच्या तासाला मान खाली घालून "मंजूर" दाबत असे. तिसऱ्या आठवड्यात त्याने दाबणं बंद केलं. तोवर मी एक पराक्रम करून चुकले होते. एका असाइनमेंटचे मार्क लागले नव्हते, म्हणून त्याच्या खात्यातून, त्याच्या नावाने मीच प्राध्यापिकेला ईमेल लिहिली. शेवटी होतं, "काइंडली डू द नीडफुल." सोळा वर्षांचं, इथेच वाढलेलं कुठलं पोर असं लिहील? प्राध्यापिकेने मार्क चढवले, आणि त्याला वर्ग संपल्यावर बाजूला घेऊन विचारलं, "तुझं खातं आणखी कुणी वापरतं का?" घरी येऊन तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

बहुतेक कॉलेजांच्या नियमांत पासवर्ड दुसऱ्याला देणं हा विद्यार्थ्याचा गुन्हा धरतात, आणि शिक्षा त्याला होते. हवी असलेली गोष्ट वेगळ्या रीतीने मिळते. रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी तो स्वतः लॅपटॉप उघडतो, पंधरा मिनिटं कॅनव्हास माझ्याकडे फिरवतो आणि मग झाकतो. मी उंदराला हात लावत नाही, असा करार आहे.

त्या पंधरा मिनिटांत काय बघायचं? सिलॅबस, म्हणजे कशाला किती टक्के. एका मिडटर्मवर ४० टक्के असतील तर रोजच्या गृहपाठाचे मार्क दिलासा देत नाहीत. आणि विषय सोडायची शेवटची तारीख. ती उलटायच्या आत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) येतो, नंतर जी काय असेल ती ग्रेड. आमच्या कॉलेजात ती सातव्या आठवड्याच्या आसपास असते. वॉशिंग्टनमध्ये कॉलेजचे ५ क्रेडिट म्हणजे हायस्कूलचा १ पूर्ण क्रेडिट. म्हणजे अकरा आठवड्यांत एक विषय बुडाला तर शाळेचा वर्षभराचा विषय बुडाल्यासारखं होतं आणि हायस्कूलचं पदवीदान लांबू शकतं. आणि कॉलेजची ही ग्रेड पुढे कुठल्याही विद्यापीठात अर्ज करताना दाखवावी लागते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू झालेली ही ट्रान्सक्रिप्ट बंद करून नवी उघडता येत नाही.

फोन कसा करायचा

फॉर्म नसतानाही ऑफिसकडून पुष्कळ मदत मिळते, फक्त प्रश्न मुलाचं नाव न घेता विचारायचा. "माझ्या मुलाने विषय सोडला का?" याला उत्तर नाही. "रनिंग स्टार्टच्या विद्यार्थ्याला विषय सोडायचा असेल तर कोणता फॉर्म, कुणाची सही, शेवटची तारीख कोणती?" याला पाच मिनिटं उत्तर मिळतं, वर दोन सूचना फुकट. कायदा नोंदींबद्दल आहे, नियम समजावून सांगण्याबद्दल नाही. अगदी प्राध्यापकाने स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं, उदाहरणार्थ मूल वर्गात रडत होतं, तेही नोंदीत बसत नाही. ते सांगायला फर्पा आडवा येत नाही.

आणि मूल शेजारी असेल तर सगळ्यात सोपं: फोन स्पीकरवर टाका, बोलायला त्याला लावा, आपण गप्प बसा. शेवटचा भाग अवघड आहे.

आयईपी असलेल्या मुलांसाठी

शाळेत आयईपी, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने केलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा, असेल तर बैठकीला तुम्हाला बोलावतात, तुमच्या सहीशिवाय आराखडा सुरू होत नाही. कॉलेजचा वर्ग सुरू झाला की तिथे हा आराखडा आपोआप लागू होत नाही. मुलाने स्वतः डिसॅबिलिटी सर्व्हिसेसकडे जाऊन मागणी करायची, कागद द्यायचे, आणि त्यांनी दिलेलं पत्र प्रत्येक प्राध्यापकाला स्वतः पोचवायचं. कॉलेज तुम्हाला विचारणार नाही, कळवणारही नाही. जास्तीचा वेळ मिळणारं मूल पहिल्या मिडटर्मला तो वेळ न मागता बसलं, असं होताना मी पाहिलं आहे. हे काम उन्हाळ्यातच उरका, वर्ग सुरू व्हायच्या आधी.

डिरेक्टरी माहिती

नाव, पत्ता, ईमेल, कोणत्या शाखेला, कोणत्या काळात शिकला, कोणती पारितोषिकं मिळाली अशी माहिती कॉलेज "डिरेक्टरी माहिती" म्हणून जाहीर करू शकतं आणि संमतीशिवाय बाहेरच्यांना देऊ शकतं. नको असेल तर मुलाने कॉलेजला लेखी कळवायचं. हायस्कूलमध्ये हेच पत्र तुम्ही द्यायचं, कारण ती फाइल अजून तुमची. दोन्हीकडे वेगळं, एकीकडे नकार दिला म्हणून दुसरीकडे लागू होत नाही.

पण सगळंच बंद करायच्या आधी विचार करा. काही कॉलेजांत पूर्ण बंदी घातली की ऑफिस "असा विद्यार्थी आमच्याकडे आहे" एवढंही कुणाला सांगत नाही. मग गाडीच्या विम्यात चांगल्या मार्कांची सवलत घ्यायला पडताळणी अडते, डीन्स लिस्टवर, म्हणजे चांगले मार्क मिळवणाऱ्यांच्या यादीत, नाव छापलं जात नाही. घरात पाठलाग किंवा कोर्टकचेरीचं काही प्रकरण असेल तर जरूर बंद करा. नुसत्या जाहिरातीच्या पत्रांना कंटाळून करू नका.

आणीबाणी

मुलाच्या किंवा इतरांच्या जिवाला, तब्येतीला खरा धोका असेल तर कॉलेज संमती न घेता पालकांना कळवू शकतं. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाल्यावर २००८ साली हा नियम अधिक स्पष्ट करण्यात आला, कारण अनेक कॉलेजं फर्पाच्या भीतीने गप्प बसत होती. २१ च्या आतल्या विद्यार्थ्याने दारू किंवा अमली पदार्थांचा नियम मोडल्याचं ठरलं तर तेही पालकांना सांगायची मुभा आहे. दोन्ही ठिकाणी पुन्हा "मुभा". त्यामुळे मुलाने कॉलेजच्या नोंदीत आणीबाणीचा संपर्क म्हणून तुमचा आजचा नंबर भरला आहे का ते बघा. आमच्या नोंदीत तीन वर्षांपूर्वी बंद केलेला घरचा फोन होता.

नोंद चुकली असेल तर

आणि आपली नावं असताना ती चुकतेच. मराठी पद्धतीने पासपोर्टवर "दिलेलं नाव" या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र बसतं, आडनाव वेगळं. हायस्कूलने वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून घातलं, कॉलेजने दोन्ही मिळून पहिलं नाव केलं. झालं, क्वार्टरच्या शेवटी ग्रेड हायस्कूलच्या यादीशी जुळेना आणि मुलाच्या शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर एक रिकामी ओळ उरली. महिनाभर दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवत होती. चूक कुणाची हे विचारू नका, पासपोर्टचा रकानाच तसा.

नोंद चुकीची किंवा दिशाभूल करणारी असेल तर ती दुरुस्त करायची मागणी करता येते. कॉलेजच्या फाइलसाठी मागणी मुलाने करायची, हायस्कूलच्या फाइलसाठी तुम्ही. कॉलेजने नकार दिला तर सुनावणी मागता येते, आणि तिथेही हरलात तर आपलं म्हणणं फाइलीत जोडून ठेवायचा हक्क आहे. मात्र "बी मिळाला, ए द्यायला हवा होता" हे भांडण या कायद्याने लढता येत नाही. बी टाइप करताना सी झाला, हे येतं. ग्रेडबद्दलच्या वादासाठी कॉलेजची वेगळी अपील पद्धत असते.

कायदाच मोडला गेला असं वाटलं, म्हणजे तुमच्या मुलाची माहिती भलत्याला दिली गेली, तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या विद्यार्थी गोपनीयता कार्यालयाकडे १८० दिवसांच्या आत लेखी तक्रार करायची. कॉलेजच्या नोंदींबद्दल असेल तर तीही मुलानेच. थेट कोर्टात जायचा रस्ता मात्र बंद आहे. तो बंद झाला आमच्याच राज्यातल्या एका खटल्याने: स्पोकेनचं गोन्झागा विद्यापीठ विरुद्ध डो, २००२. या कायद्याच्या आधारे व्यक्तीला नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं.

अठरावा वाढदिवस

बारावीच्या मधेच कधीतरी तो येतो. त्या दिवशी हायस्कूलच्या फाइलवरचे तुमचे हक्कही मुलाकडे जातात. बहुतेक शाळा डिपेंडंटच्या सवलतीखाली पालकांचं पोर्टल चालू ठेवतात, म्हणून कुणाला बदल जाणवत नाही. पण काउन्सेलरमार्गे कॉलेजचे कागद बघायची जी वाट वर सांगितली, तिच्यावर हक्काने चालता येत नाही. मग विनंती करावी लागते. डिसेंबरातला वाढदिवस असेल तर जे बघायचं ते नोव्हेंबरात बघून घ्या.

विद्यापीठांचे अर्ज भरताना त्याला आणखी एक फर्पा भेटेल: शिफारसपत्रं वाचायचा हक्क सोडता का, असा प्रश्न. बहुतेक मुलं सोडतात, कारण पत्र लिहिणारा मग मोकळेपणाने लिहितो असं मानतात. हा निर्णयही त्याचा. आणि कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट तुमच्या नावाने मागवता येत नाही, त्यानेच त्याच्या खात्यातून मागवायची. मागवण्याआधी एक अनधिकृत प्रत काढून त्यावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षराला अक्षर लावून बघायला सांगा. आमच्याकडे दुसऱ्या वेळेलाही मधलं नाव गायबच होतं.